दोन अंश कमी

"किती आहे?" डॉक्टरांनी फोनवर विचारलं, आणि मी म्हणाले, "एकशे चार." हातातल्या थर्मामीटरच्या इवल्याशा पडद्यावर तेव्हा १०६.२ होतं. तो आकडा अजून विझलाही नव्हता. २०२४ चा पोळा, सप्टेंबरची २ तारीख, रात्रीचे साडेदहा. घरात पुरणपोळीच्या तव्याचा वास रेंगाळत होता आणि माझी सात वर्षांची ओवी भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल द्या, कोमट पाण्यानं अंग पुसत राहा, सकाळी दाखवायला आणा. मी हो-हो म्हणत फोन ठेवला. हे डॉक्टर ओवीला ती तान्ही असल्यापासून ओळखतात. रात्री फोन केला म्हणून कधी चिडले नाहीत. माझ्यावर कुणाचा दबाव नव्हता, लपवण्यासारखं काही नव्हतं. तरी दोन अंश मी स्वतःच्या तोंडानं खाली उतरवले.

वर्ष झालं. ते दोन अंश अजून माझ्या मनातून उतरलेले नाहीत.

त्या दिवशी सकाळपासून घरात बैलाचीच गडबड होती. नागपुरात मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा, आणि पोरांना खरी घाई त्याचीच असते. ओवीचा लाकडी बैल तिच्या आजोबांनी इतवारीतून आणलेला, चाकांवर चालणारा, डाव्या कानाचा टवका उडालेला. तिनं त्याला न्हाऊ घातलं, उन्हात ठेवलं, शिंगांना बेगड लावली, गळ्यात माळ घातली. उद्या कोणाकोणाच्या घरी न्यायचा, कोण किती बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, देईल याचा हिशोब करत ती दुपारी जेवली. चारच्या सुमाराला येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आई, मला थंडी वाजून राहिली." बाहेर चिकचिक उकाडा होता. मी तिचे हात धरले तर तळवे बर्फासारखे गार, नखं निळसर, आणि कपाळावर हात ठेवला तर चटकन मागे घ्यावा लागला. एकाच लेकराच्या अंगात दोन ऋतू. दोन पांघरुणं घातली तरी तिचे दात वाजत होते. माझ्या सासूबाई, आई म्हणते मी त्यांना, आल्या आणि त्यांनी हाताची पाठ तिच्या मानेला लावली. काही बोलल्या नाहीत. उठून देवाजवळचा दिवा लावून आल्या.

सहा वाजता १०३.४ होता. औषध दिलं, उतरला नाही. साडेनऊला पुन्हा लावला, बीप झालं, आणि १०६.२. मी थर्मामीटर पुसला. दुसऱ्या काखेत लावला. १०६.१. मग स्वतःला लावून बघितला, ९७.९. म्हणजे यंत्र धड होतं. तरीही मी कपाटातून जुन्या काळातला पाऱ्याचा थर्मामीटर काढला. काचेचा तो थर्मामीटर १०८ पर्यंत जातो, पण मी लहानपणापासून पारा कधी १०३ च्या वर चढलेला पाहिला नव्हता. त्या शेवटच्या पाच रेघा म्हणजे मला वाटायचं उगाच आहेत, पट्टीला थोडी जागा जास्तीची ठेवतात तशा. झटकून लावला, तीन मिनिटं मोजली, दिव्याखाली तिरका धरला. चांदीसारखी बारीक रेघ त्या जास्तीच्या जागेत शिरलेली होती.

मग मी एकशे चार का सांगितलं?

एक कारण मला माहीत आहे. त्याच्या आदल्या वर्षी तिला असाच ताप आला होता, १०५. तेव्हा आमचे डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. तिथं आकडा सांगितल्यावर काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता म्हटलं, "मॅडम, एवढा ताप नसतो. मशीन बदला तुमची." आणि कागदावर नुसतं 'ताप' लिहिलं. मागे रांगेत बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. घाबरट आई. ते शब्द कुणी उच्चारले नव्हते, पण मी ते ऐकले आणि बरोबर घरी घेऊन आले. शिवाय त्याच वर्षी, २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी, आमच्या शहरात आणखी एक आकडा गाजला होता. एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमानाची नोंद झाली. दिवसभर प्रत्येकाच्या मोबाईलवर तेच फिरत होतं, आणि नंतर हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता. नागपूरचा खरा उच्चांक २०१३ च्या मे महिन्यातला, ४७.९. म्हणजे फार मोठा आकडा दिसला की आधी यंत्राकडे बघायचं, हे त्या उन्हाळ्यानं आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. आणि दुसरं कारण आहे, ते सांगायला जड जातं. मला वाटलं, मी मोठ्यानं एकशे सहा म्हटलं की ते खरं होईल. जोवर तो आकडा माझ्या आणि थर्मामीटरच्या मध्ये आहे, तोवर तो परत फिरू शकतो.

१०६.२ फॅरनहाइट म्हणजे ४१.२ सेल्सियस. हे गणित मी त्याच रात्री, तिच्या कपाळावरची घडी बदलता बदलता केलं, आणि आकडा बघून फार विचित्र वाटलं. मे महिन्यात ४१ असलं की आम्ही एकमेकांना "आज बरं आहे जरा" म्हणतो. त्या दिवशी बाजारात जातो, गच्चीवर पापड घालतो, संध्याकाळी फुटाळा तलावावर चक्कर मारतो. ऊन कसं झेलायचं ते इथल्या पोरासोरांनाही कळतं. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, कैरीचं पन्हं, माठाचं पाणी. बाहेरच्या ४१ ला आम्ही घाबरत नाही. तोच आकडा लेकराच्या कातडीच्या आत गेला तर काय करायचं, याचं मात्र आमच्याजवळ काहीच नव्हतं. आई माठातलं गार पाणी घेऊन आल्या. मी म्हटलं, डॉक्टरांनी कोमट सांगितलंय. त्या म्हणाल्या, "तापलेल्या भांड्यावर कोमट पाणी टाकत असते का कोणी?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघींनी मधलं काहीतरी केलं. माठातलं निम्मं, गरम निम्मं. तिच्या पोटावरून ओला पंचा फिरवला की वाफ उठल्यासारखी वाटायची आणि पंचा लगेच कोरडा व्हायचा.

एक वाजता ती बोलायला लागली. "बैल भिजला, बैल भिजला, आत घ्या." डोळे अर्धे उघडे, लालभडक, आणि नजर माझ्यावरून आरपार जाणारी. मी हाक मारली तर "हं" म्हणायची, पण ते मला दिलेलं उत्तर वाटत नव्हतं. थर्मामीटर लावला, १०६.४. नवरा गडचिरोलीत नोकरीला, फोन लागत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या काकांचं दार वाजवलं. काका बनियनवरच किल्ली घेऊन खाली आले. आई नातीला शालीत गुंडाळत म्हणाल्या, "डोक्यात जाऊ देऊ नोको बापा ताप, डोक्यात जाऊ देऊ नोको." कोणाला म्हणत होत्या कळलं नाही. गाडीत ओवी माझ्या मांडीवर, आणि माझ्या साडीतून तिची ऊब मांडीला भाजत होती. मानेवाडा रोड पूर्ण मोकळा. तुकडोजी पुतळा, मेडिकल चौक, चहाच्या टपऱ्यांवर पेशंटचे नातेवाईक अंगाभोवती चादरी घेऊन बसलेले. पोळ्याच्या तोरणांची आंब्याची पानं रस्त्यावर पडली होती. काकांनी एकही प्रश्न विचारला नाही. काही माणसांचं गप्प राहणं आयुष्यभर लक्षात राहतं.

रामदासपेठेतल्या त्या हॉस्पिटलात सिस्टरनं कागद पुढे ओढला. "घरी किती होता?" मी म्हटलं, "एकशे चार." तेव्हाही. मला वाटतं, फोनवरचं आणि इथलं जुळायला हवं, असं काहीतरी त्या वेळी डोक्यात होतं. सिस्टरनं लिहायला पेन टेकवलं आणि माझ्या मागून आईंचा आवाज आला. "सहा होता. एकशे सहा. मी पाह्यलं." त्या एरवी चारचौघांत बोलत नाहीत. बँकेतसुद्धा माझ्या कानात सांगतात. सिस्टरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो. एकशे सहा पॉइंट चार, एक वाजता." तिनं तसंच लिहून घेतलं, वेळेसकट. मशीन बदला म्हणाली नाही. तिनं स्वतः लावला तेव्हा १०५.८ निघाला.

ड्युटीवरच्या डॉक्टर तरुण होत्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी आधी आकडा बघितलाच नाही. ओवीच्या गालावर दोन बोटं ठेवून विचारलं, "नाव काय गं तुझं?" मग तिची हनुवटी छातीकडे वाकवून मान ताठ आहे का बघितलं, नख दाबून सोडलं आणि परत लाल किती लवकर होतं ते पाहिलं, पोट चाचपलं, टॉर्च लावून घसा बघितला, अंगावर कुठं पुरळ आहे का ते शोधलं. सगळं सावकाश, हातांनी. ओवीनं नाव सांगितलं नाही. म्हणाली, "माझा बैल कुठंय?" डॉक्टर हसल्या, आणि त्या हसण्यानं माझ्या पायांत पहिल्यांदा जीव आला. मी विचारलं, "चांदीपुरा तर नाही ना?"

हे मी का विचारलं, ते नागपूरकरांना सांगायला नको. त्या जुलैत गुजरातमधून लहान मुलांच्या मृत्यूच्या बातम्या येत होत्या आणि प्रत्येक बातमीत आमचं नाव होतं. चांदीपुरा हे नागपूरजवळचं गाव. १९६५ साली इकडे डेंगू-चिकुनगुन्याच्या तापाची साथ होती. तेव्हा पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांना इथल्या दोन रुग्णांच्या रक्तात एक वेगळाच विषाणू सापडला. त्याला गावाचं नाव मिळालं. पुढे कितीतरी वर्षं तो कुणाच्या लक्षातही नव्हता. मग २००३ मध्ये आंध्रात साथ आली, ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ गेली. पसरवते ती सँडफ्लाय, डासापेक्षाही बारीक माशी, मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात राहणारी. एकाएकी चढणारा ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि कित्येकदा एका दिवसात सगळं संपलेलं. पंधराच्या आतली मुलं. एका गावाचं नाव असं आजाराला चिकटून जगभर फिरतं, तेव्हा त्या गावातल्या शाळेत, चावडीवर माणसांना काय वाटत असेल, हा विचार जुलैत पेपर वाचताना मनात येऊन गेला होता. सप्टेंबरच्या त्या रात्री तसला कुठलाच विचार उरला नाही. फक्त नाव उरलं.

डॉक्टर म्हणाल्या, "झटका आला नाही, उलटी नाही, मान मोकळी आहे, बैल मागून राहिली. लक्ष ठेवू आपण, पण आत्ता तसं दिसत नाही." मग सलाईन लावता लावता त्यांनी मला जे सांगितलं, ते मी तेव्हा अर्धंच ऐकलं आणि पुढच्या चार रात्रींत पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. विषाणू स्वतः अंग तापवत नाही. त्याला बघून शरीराच्या पेशी जी रसायनं सोडतात, ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत निरोप पोचवतात आणि तिथला, अंग किती गरम ठेवायचं ते ठरवणारा काटा वर सरकतो. काटा १०६ वर गेला की शरीराला आपलं नेहमीचं ९८ थंड वाटायला लागतं. म्हणून हुडहुडी, म्हणून गार तळवे. कातडीकडचं रक्त आत ओढून घेतलं जातं, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. पॅरासिटामॉल तो काटा खाली ओढतं. ओवीचं वजन २० किलो, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी ३००. मी घरी दिलेला चमचा त्याहून पुष्कळ कमी होता, ती लहान असतानाच्या मापानं दिलेला. आणि माठाच्या पाण्याचंही उत्तर मिळालं. काटा वर असताना गार पाणी टाकलं तर कातडी आकसते, थरथर वाढते, शरीर आणखी जोरानं तापायला बघतं. उष्माघातात उलट असतं. तिथं काटा जागेवरच असतो, बाहेरच्या उष्णतेनं शरीर हरलेलं असतं, तिथं औषधानं काही होत नाही, तिथं बर्फ आणि गार पाणीच लागतं. आम्ही नागपूरची माणसं आयुष्यभर दुसऱ्या प्रकारच्या तापाशी लढायला शिकलेली. आईंचा माठ चुकीचा नव्हता, फक्त तो मे महिन्यातल्या आजाराचा होता.

साधारण १०६ च्या पलीकडच्या तापाला डॉक्टरांकडे वेगळं नाव आहे, हायपरपायरेक्सिया. एवढा ताप म्हटला की आधी जिवाणूंचा संशय येतो, रक्तात, मेंदूच्या आवरणात, फुप्फुसात. तो बाजूला सारता येत नाही. पण साधा विषाणूही लेकराला तिथवर नेऊ शकतो, हे त्या डॉक्टरांनी मला अगदी सरळ सांगितलं. संसर्गाचा ताप सहसा १०७ च्या पुढं जात नाही, मेंदू स्वतःच तिथं कुठंतरी थांबतो, हेही सांगितलं. पाऱ्याच्या थर्मामीटरवरच्या त्या शेवटच्या रेघा मला आठवल्या. त्यांनी केलेल्या तपासण्यांत पांढऱ्या पेशी वाढलेल्या, सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला घटक, तोही वाढलेला, म्हणून अँटिबायोटिक सुरू झालं. डेंगूची एनएस-१ चाचणी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. घशाचा स्वॅब पाठवला. मी दर दोन तासांनी सिस्टरच्या वहीकडे बघायची. १०५.१. १०३.८. १०५.५. १०४.२. एकदा खरंच १०४ आलं, तेव्हा मला रडू कोसळलं. फोनवर मी सांगितलेला आकडा तो हाच होता, चौदा तास उशिरा आलेला.

दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, वॉर्डाबाहेरच्या बाकावर कुणाच्या तरी मोबाईलवर मारबतीची, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणून गावाबाहेर नेतात त्या बाईच्या पुतळ्यांची, मिरवणूक चालू होती. काळी आणि पिवळी, इतवारीच्या गर्दीतून डोलत येणाऱ्या, मागे बडगे म्हणतात ते पुरुषांचे पुतळे, ढोल, आणि हजारो गळ्यांतून तेच. "ईडा-पीडा घेऊन जा गे मारबत." काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली आहे, आणि मला ती नेहमी तमाशासारखी वाटत आली, गुलाल, धक्काबुक्की, नेत्यांच्या नावानं शिव्या. त्या बाकावर मात्र मी उभी राहून शेवटपर्यंत बघितली. आई शेजारी बसल्या होत्या. त्या उमरेडकडच्या. म्हणाल्या, त्यांच्या गावात पहाटे पोरं पळसाच्या फांद्या घेऊन शिवेपर्यंत ओरडत जायची, रोग घेऊन जा, खोकला घेऊन जा, ढेकूण-मच्छर घेऊन जा गे मारबत. "मच्छर म्हणत होते?" मी विचारलं. "म्हणत नं. तापाचं आन् मच्छराचं काय ते कोणाले माहीत होतं तवा? पण म्हणत." पुढं काही बोलणार होत्या. पण आतून ओवीनं पाणी मागितलं आणि आम्ही दोघी उठलो.

चौथ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती तिच्या हाताच्या स्पर्शानं. तळवा ऊबदार होता. गार नाही, भाजणारा नाही. मग कपाळावर घामाचे थेंब दिसले, मग मानेवर, मग पाहता पाहता उशी ओली झाली, केस चिकटले, फ्रॉक पिळून काढावा असा झाला. काटा खाली आला होता आणि शरीर जास्तीची उष्णता बाहेर टाकत होतं. मी तो घाम पुसला नाही थोडा वेळ. त्याला ओवीचा तान्हेपणीचा वास होता. संध्याकाळी स्वॅबचा रिपोर्ट आला, ॲडेनोव्हायरस. १९५३ साली माणसाच्या नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथींत पहिल्यांदा सापडला म्हणून हे नाव. घसा, लाल डोळे आणि दिवसेंदिवस न हटणारा मोठा ताप, ही त्याची नेहमीची रीत. रक्तातही तो कधी कधी जिवाणूसारखं सोंग घेतो. रक्तात जिवाणू वाढतात का ते बघणाऱ्या कल्चरमध्ये काही वाढलं नव्हतं, अँटिबायोटिक थांबलं. "व्हायरल होतं" एवढंच मग सगळ्यांना सांगितलं. लोक म्हणायचे, "हं, व्हायरल नं? चालूच आहे सध्या." मी मान हलवायची. व्हायरल हा शब्द आमच्या शहरात दर पावसाळ्यात इतक्या वेळा बोलला जातो की तो गुळगुळीत झाला आहे. त्याच्यात १०६.४ मावत नाही.

घरी आल्यावर काही दिवस मी तापाविषयीच वाचत बसले. कार्ल वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरविषयी वाचलं. लाइपझिगच्या दवाखान्यात त्यानं सुमारे २५,००० रुग्णांचे ताप मोजून १८६८ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि ३७ अंश ही निरोगी माणसाची खूण तिथून रूढ झाली. त्याचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरावा लागायचा. मला त्या वीस मिनिटांचं फार वाटलं. कुणीतरी आजाऱ्याच्या शेजारी वीस मिनिटं बसून राहणार, आणि जो आकडा येईल तो लिहिणार, दिवसातून दोनदा, चारदा, हजारो खाटांपाशी. त्याच्या वहीत एखादा न पटणारा आकडा आला असेल, तेव्हा त्यानं काय केलं असेल? पुसून पुन्हा लावला असेल, माझ्यासारखाच. पण मग लिहिला असेल.

आमच्या डॉक्टरांना मी नंतर भेटले. त्यांनी हॉस्पिटलची फाईल चाळली, त्यात पहिल्याच पानावर सिस्टरच्या अक्षरात 'घरी १०६.४' होतं. त्यांची नजर तिथं क्षणभर थांबली. "रात्री वाढला वाटतं," ते म्हणाले. मी काही बोलले नाही. पान उलटलं गेलं.

यंदा पोळा ऑगस्टमध्येच आला. ओवीनं बैल काढला, टवक्यावर लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरून कान नीट केला, आणि रंगाच्या डब्या घेऊन अंगणात बसली. मी आणि आई पुरण वाटत होतो. पाऊस येऊन गेलेला, स्वयंपाकघरात चण्याच्या डाळीचा आणि वेलदोड्याचा जड वास. मी अचानक म्हटलं, "आई, मागच्या वर्षी मी फोनवर एकशे चार सांगितलं होतं." का म्हटलं माहीत नाही, वर्षभर जीभेवर होतं ते सांडलं. "माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "तिथंच होती नं मी उभी." मला वाटलं, संपलं. त्यांनी पुरणाचा गोळा हातात घेतला, ठेवला, आणि हात तसेच पिवळे ठेवून बोलत राहिल्या. त्यांचा धाकटा भाऊ होता, चार वर्षांचा, हे मला लग्नानंतर कधीतरी उडत उडत कळलेलं. लहानपणीच तापानं गेला, एवढंच. साल त्यांना सांगता येत नाही. त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या, म्हणजे साठ-पासष्टच्या आसपासचं. पोळ्याच्या आधीचा आठवडा. आईबाप निंदणाला गेलेले, भाऊ यांच्या हवाली. दुपारी माय पाणी प्यायला घरी आली आणि ओसरीवरूनच विचारलं, आंग तापलं का त्याचं?

"लय तापलं होतं. हात ठेवता येत नव्हता. मी म्हटलं, थोडंसंक हाय. माय गेली वापस वावरात."

मी विचारलं, का म्हणालात तसं. प्रश्न तोंडातून गेला आणि मला तो परत घ्यावासा वाटला.

"सांगतलं असतं त मायनं म्हटलं असतं, बस त्याच्यापाशी, हालू नोको. आन् सगळ्या पोट्ट्या नाल्यावर चालल्या होत्या, बैल बनवाले. चिकनी माती तिथंच भेटे." दाराबाहेर ओवी गुणगुणत होती. "तासाभरात येतो म्हणून गेलती. आली त डोळे फिरवले होते त्यानं. रातीच गेला." कशानं गेला, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हाही गावात एकच म्हणाले, ताप डोक्यात गेला. "मायले मी आखरीपर्यंत सांगतलं नाही. तिले वाटे, तिच्या जाण्यानं झालं."

मी त्यांचा हात धरला. पुरणानं माखलेला, गरम. ओवी दारात आली, बोटं लाल झालेली, बैल पोटाशी धरलेला. "आजी, शिंगं लाल करू का निळी?"

आई तिच्याकडे बघत राहिल्या. "लाल कर," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, हळूच, "त्याच्यासाठीच बनवाले गेलती मी बैल."